काळी पाच

आमच्या क्लासमधला एखादा मुलगा कतार सोडून चालला आहे, हे मला त्याच्या आईवडिलांकडून क्वचितच कळायचं. ते कळायचं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. घर आवरून भारतात परत जाणारी माणसं तिथे सामानाचे फोटो टाकतात. मायक्रोवेव्ह, सोफा, मुलाची सायकल, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक पेटी. पेटी मी लगेच ओळखायचो, कारण बहुतेकांना ती मीच निवडून दिलेली असायची. खाली लिहिलेलं असायचं, 'फारशी वापरलेली नाही.'

त्या वर्षी असे फोटो सारखे येऊ लागले. फुटबॉल वर्ल्ड कपची मोठी स्पर्धा होऊन गेली होती. तिच्यासाठी जे बांधायचं ते बांधून झालं होतं आणि बांधणाऱ्यांची गरज संपली होती. मग गॅस आणि तेलाच्या कंपन्यांनीही माणसं कमी करायला घेतली. क्लासचा मालक ग्रुप उघडून फोन माझ्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, "मास्तर, ही पण खलास."

मालकाला आम्ही शेठ म्हणायचो. नाशिककडचा माणूस. दोहाच्या अल नस्र भागात त्याचं भांड्यांचं आणि घरगुती सामानाचं दुकान होतं आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत हा क्लास. एका खोलीत मी पेटी आणि गाणं शिकवायचो, दुसरीत रत्नागिरीकडचे एक तबलजी तबला शिकवायचे. ते माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला पेटीवाला म्हणायचे. जवळच्याच फरीज बिन ओमरान वस्तीत एका फ्लॅटच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. खोलीत दोन कॉट, एक एसी आणि भाईंचे तबले. तबल्यांना एसीची हवा थेट लागू नये म्हणून माझी कॉट एसीखाली होती.

मी बीडकडच्या एका तालुक्याच्या गावात वाढलो. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. शाळेतल्या एका बाईंनी मला प्रार्थनेच्या पेटीपुढे बसवलं, वडिलांनी जिल्ह्याच्या कॉलेजात घातलं, आणि संगीत घेऊन मी बी. ए. झालो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. कॉलेजला सोडायला आले तेव्हा वडील बँडच्या लाल कोटातच होते, कारण तिथून त्यांना सुपारीवर जायचं होतं. एसटी स्टँडवर ते मला म्हणाले, "ह्यो कोट तुझ्या अंगावर दिसला नाय पायजे मला." मी त्या दिवसाचं ऋण मानतो. शाळेतल्या बाईंचं मानतो आणि शेठचंही मानतो, कारण ओळखदेख नसताना त्याने मला बोलावून घेतलं. माझ्या पदवीवर मुंबईपासून दिल्लीपर्यंत शिक्के बसले, आणि सगळे शिक्के बसल्यावर व्हिसा आला तो 'सेल्समन' म्हणून. शेठकडे परवाना दुकानाचा होता, गाण्याचा नव्हता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिकवायला मिळत होतं.

मंदी आली तशी आधी बाहेरची कामं गेली. एका हॉटेलात दर गुरुवारी संध्याकाळी मी आणि भाई गझलांना साथ करायचो, तिथे आमच्या जागी भिंतीवर स्पीकर लागला. मॅनेजर म्हणाला, स्पीकरला जेवण द्यावं लागत नाही. शनिवारी आम्ही शेठच्या गाडीने पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावाला जायचो. तिथे एका इंजिनियरच्या घरी दोघं भावंडं शिकायची. एका शनिवारी दार वाजवलं तर आत दुसरंच कुटुंब. त्यांनी आम्हाला कुरियरवाले समजून सही कुठे करायची ते विचारलं. मग क्लासमध्येही सतरंजी रिकामी राहू लागली, आणि शेठने मला दुपारच्या वेळी खाली दुकानात उभं करायला सुरुवात केली.

"तसंही व्हिसा सेल्समनचाच आहे," तो म्हणाला.

मी कुकर विकायचो, कढया विकायचो. गिऱ्हाईक असलं की शेठला हुरूप यायचा. "आमचे मास्तर ग्रॅज्युएट आहेत हां म्युझिकमध्ये! विचारा यांना, विचारा. काय मास्तर, कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत?" बायका हसायच्या. सुरुवातीला मी खरंच उत्तर द्यायचो, म्हणून आणखी हसायच्या.

दिवाळीच्या थोडं आधी शेठने आम्हा दोघांना वर बोलावलं. करक, म्हणजे इथला घट्ट दुधाचा चहा मागवला. मग म्हणाला, "दोघांचा आयडी रिन्यू करणं आता जमत नाही. एकाचा करीन. कोणाचा, ते दिवाळी पहाट झाल्यावर बघू. पोरं कोणामुळे टिकतायत तेवढंच मी बघणार. नाती नाही, गोती नाही. बरोबर ना?"

भाई म्हणाले, "बरोबर." मीही बरोबर म्हणालो. आयडी रिन्यू झाला नाही तर देश सोडायचा, एवढाच त्याचा अर्थ. भाईंना रत्नागिरीला बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मला गावाकडे आईवडील आणि तो कोट.

मुलं टिकणं आता एका बाईंच्या हातात होतं. त्यांचे यजमान गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्या मूळच्या पुण्याच्या. मराठी मंडळींचे कार्यक्रम त्याच ठरवायच्या, आणि त्यांची मुलगी आमच्याकडे गायची, म्हणून उरलेल्या घरांनीही मुलं आमच्याकडे ठेवली होती. मी त्यांना मॅडम म्हणायचो. त्या मुलीसमोर मला सर म्हणायच्या, मुलगी खोलीबाहेर गेली की मास्तर.

पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं होतं, "घरात गाणं आहे का तुमच्या?"

"वडील क्लॅरिनेट वाजवतात."

"अय्या, छान. रेडिओवर?"

"नाही. बँडमध्ये."

"बँड म्हणजे... लग्नाचा?" आणि मग मुलीकडे वळून, फार गोड आवाजात, "बघ, कुठून कुठून वर येतात लोक."

मला तेव्हा ते कौतुकच वाटलं. गावी फोन करून मी ते आईला सांगितलंही.

मुलगी काळी पाचमध्ये गाते, ही मॅडमची सगळ्यात आवडती गोष्ट होती. गाणं न शिकलेल्यांसाठी सांगतो. पेटीवर ज्या पट्टीला षड्ज धरून माणूस गातो, ती त्याची पट्टी. काळी पाच ही उंच पट्टी. कोणाचा गळा चारमध्ये मोकळा लागतो, कोणाचा पाचमध्ये. चपलेचं माप जसं असतं तसं ते आहे. पण मॅडम ते परीक्षेच्या मार्कांसारखं सांगायच्या. "आमची काळी पाच. पहिल्यापासून. त्यांच्या मुलीचं काय हो, चार ना? हां, जाड आहे जरा आवाज."

मुलगी सोळा-सतराची. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीत. या वयात मुलींचाही आवाज थोडा बदलतो, खाली बसतो. तिचा बसला होता. दिवाळी पहाटेला तिने जे नाट्यपद गायचं होतं, त्यात आवाज वरच्या सप्तकातल्या मध्यमापर्यंत जातो, आणि तिथे रोज तो फाटायचा. मॅडम सतरंजीच्या कडेला बसून ऐकायच्या. फाटला की म्हणायच्या, "परत." पुन्हा फाटला की, "परत. खाताना नाही बरं त्रास होत तोंडाला." मुलगी पुन्हा गायची. मी एकदा हळूच म्हणालो, "मॅडम, चारमध्ये घेतलं तर?"

"सर, शिकवायचं तुम्ही. उतरवायचं कशाला?"

एक दिवस मॅडम खाली दुकानात काहीतरी बघत होत्या, तेव्हा मुलगी मला म्हणाली, "सर, इट हर्ट्‌स. कॅन वी गो डाउन? प्लीज. आईला नका सांगू." शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं. ती माझ्याशी स्वतःहून मराठीत बोलली असं ते एकच वाक्य मला आठवतं.

आमच्या बँडमध्ये गाडीवर माइक घेऊन एक गाणारा असतो. वरात लांबली की त्याचा गळा बसतो. मग क्लॅरिनेटवाला एक सूर खाली घेतो, बाकीचे त्याच्या मागे येतात. गाणाऱ्याला विचारत नाहीत, मालकाला सांगत नाहीत. नाचणाऱ्यांना कळत नाही. वडील याला 'गळा वाचवणं' म्हणतात. ते न येणारा क्लॅरिनेटवाला कोणी ठेवत नाही. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो. गाणाऱ्याला त्रास होतोय आणि साथीदाराने पट्टी तिथेच धरून ठेवली आहे, हे मला कॉलेजात शिकूनही कधी बरोबर वाटलं नाही.

क्लासची पेटी स्केल चेंजर होती. तिच्या पट्ट्यांचा सगळा संच उचलून सरकवता येतो. डावीकडे दोन घरं सरकवला की खट्, खट् असा आवाज होतो, आणि मग बोटं काळी पाचवर ठेवून वाजवलं तरी सूर काळी चारचा येतो. मॅडमना पेटीची जुजबी माहिती होती. त्या माझ्या बोटांकडे बघायच्या. बोटं पाचवरच होती.

तबला पेटीला जुळवावा लागतो, त्यामुळे भाईंना सांगणं भाग होतं. मी सांगितल्यावर त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "पेटीवाल्या, कळलं तर?"

"तिलाच गाता येत नाहीये, भाई."

"ते मला पण ऐकू येतं. कळलं तर काय ते विचारतोय." पण त्यांनी चारचा तबला पिशवीत घातला.

दिवाळी पहाट शुक्रवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. पैठण्या, अत्तर, मोत्यांच्या नथी, मागे केटररकडून आलेल्या फराळाचे डबे. दर वर्षी हॉल भरायचा, या वर्षी मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांवर पर्सेस ठेवल्या होत्या. मुलगी गायली. मध्यमावर गेली, थांबली, तिथे छान डोलली आणि उतरली. आवाज कुठेही फाटला नाही. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले, "काळी पाचमध्ये, सकाळच्या या वेळी! सोपं नाही मंडळी." मॅडमनी पदराने डोळे टिपले. नंतर चकलीची बशी स्वतः माझ्या हातात दिली आणि शेठला माझ्यासमोर सांगितलं, "सरांना जाऊ देऊ नका हां."

शेठने माझ्या पाठीवर थाप मारली. भाई बाजूला तबले पिशवीत भरत होते. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी मी फार आनंदात होतो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

पुढच्या आठवड्यात मॅडम क्लासमध्ये आल्या, बरोबर मुलगी, आणि मागून शेठ, कारण त्याला मॅडमनी खालूनच बरोबर घेतलं होतं. लहान मुलांचा तास चालू होता. मॅडमनी मुलांना उठवलं नाही.

"मास्तर," त्या मुलीसमोरच म्हणाल्या, "काळी पाच वाजवा."

मी वाजवली. पेटी माझ्या नेहमीच्या सवयीने मूळ जागी आणून ठेवलेली होती.

"आणि आता ती त्या दिवशी वाजवलीत तशी वाजवा."

मी हात पेटीवरून काढला.

"माझी बहीण पुण्यात गाणं शिकवते," त्या शेठला म्हणाल्या. "तिला व्हिडिओ पाठवला. तिने तिथे पेटी काढून लावून बघितलं. मला म्हणते, ताई, किती गोड गायली गं, चारमध्ये अगदी मोकळा लागतो हिचा आवाज. मोकळा लागतो! मी सगळ्या ग्रुपवर पाच लिहून टाकलंय, आणि ही बाई मला ग्रुपवरच उत्तर देते."

शेठ मला म्हणाला, "काय हे मास्तर?"

"सरकवलं यांनी. मला मूर्ख बनवायला बोटं पाचवर ठेवून. वरातीत चालत असेल हो असं, तिथे कोण ऐकतंय, दारू पिऊन नाचणारी माणसं. आम्ही इथे मुलीला कलेसाठी पाठवतो. तुम्ही तिला बँड शिकवलात."

लहान मुलांपैकी एकाला बँड या शब्दाची गंमत वाटली असावी. तो हसला. मग दुसरा हसला.

शेठने भाईंना आतल्या खोलीतून बोलावलं. "तुम्हाला माहीत होतं?"

भाई दारात उभे राहिले. "मी तबला पेटीला लावतो, शेठ. पेटी देईल तो सूर." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"तुला माहीत होतं?" मॅडमनी मुलीला विचारलं.

ती फोनच्या कव्हरचा कोपरा नखाने उचकटत होती. "नो," ती म्हणाली. "हाउ वुड आय नो, आई?"

शेठ मला म्हणाला, "मास्तर, कोणी सांगितलं होतं का तुम्हाला असं करायला? सांगितलं असेल तर आत्ता बोला."

मी मुलीकडे बघितलं. गाणारा आलापात अडकला तर साथीदार आपली बोटं थांबवतो, त्याला समेवर यायला जागा देतो. मी तसाच थांबलो. मला मनापासून वाटत होतं की ती बोलेल. तिने कव्हर पूर्ण काढलं, परत बसवलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"मग ठरलं," शेठ म्हणाला.

मॅडम जाताना लहान मुलांना म्हणाल्या, "चला, गा गा. थांबलात का?"

शेठ वाईट वागला असं मी म्हणणार नाही. व्हिसा रद्द होईपर्यंत त्याने मला खोलीत राहू दिलं. फक्त एक काम सांगितलं: जायच्या आधी भाईंना पेटीवर बसण्यापुरतं शिकवून जा, म्हणजे क्लास एका माणसात चालेल. मी शिकवलं. भाईंची बोटं तबल्याने कडक झालेली, पट्टीवर ती आपटायची. ते हळू आवाजात म्हणायचे, "तू माझ्या जागी असतास तर हेच बोलला असतास." मी म्हणायचो, "भाई, करंगळी उचलून ठेवा." मग ते करंगळी उचलायचे.

वडिलांना मी फोनवर सांगितलं की काम संपलं. पट्टीचं सांगितलं नाही, ते मला शाबासकी देतील अशी भीती वाटली. मग म्हणाले, "हितं बी डीजेनं वाट लावलीय. पर बँडचा मालक म्हणत होता, कीबोर्डला मानूस पायजे." आणि पुढे म्हणाले, "कोट नवा नाय शिवायला लागणार. माझाच व्हईल तुला. खांद्यात जरा ढिला बसंल."

जायच्या दिवशी दुपारी मी शेठचा निरोप घ्यायला गेलो. त्याने मला एक कुकर दिला. खोक्याचा कोपरा चेपला होता म्हणून तो विकला जात नव्हता. "आईला द्या," तो म्हणाला, "आणि शिट्टीची पट्टी कळवा." स्वतःच हसला, आणि गाडी बोलवायला फोन लावत बाहेर गेला. माझी एक शाल वरच्या खोलीत राहिली होती. ती घ्यायला खोकं हातात घेऊनच मी वर गेलो आणि तबल्याच्या खोलीत शिरलो. शेजारच्या खोलीत मॅडम होत्या. मधलं दार लोटलेलं होतं.

"उस्तादजी," त्या भाईंना म्हणत होत्या. आतापर्यंत त्या त्यांना तबलेवाले म्हणायच्या. "सध्या जरा घसा धरलाय हिचा. ते तुमच्या पेटीचं सरकतं ना? तेवढं खाली घ्या. मागे होतं तेवढंच. कोणी विचारलं तर पाचच सांगायची हं."

खट्, खट् असा आवाज आला.

मुलगी तेच नाट्यपद गायला लागली. भाईंची पेटी तिच्या मागे अडखळत होती, दोन ठिकाणी चुकीची पट्टी दाबली गेली. मध्यमावर ती एकटीच गेली, कारण भाईंचं बोट तिथे वेळेवर पोचलं नाही. ती तिथे थांबली, डोलली आणि उतरली.

"वा," मॅडम म्हणाल्या. "याला म्हणतात काळी पाच."

खालून शेठने हाक मारली, "मास्तर, गाडी आली. यल्ला!"

मी शाल खांद्यावर टाकली, कुकरचं खोकं उचललं आणि जिना उतरलो.